मुदत वाढवू, की दंड वाढवू?

माध्यमिक शाळेत अभियांत्रिकीचा वर्ग घेणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वर्गात २८ मुलं-मुली, चौघाचौघांचे सात गट. सहा आठवड्यांत एक छोटा ठोकळा उचलून दुसरीकडे ठेवणारा यांत्रिक हात तयार करायचा होता. आठवड्याला चार तास, प्रत्येक तास ४५ मिनिटांचा. हाताचे तीन भाग थ्रीडी प्रिंटरवर काढायचे आणि एकेका भागाला घड्याळाचे साधारण चार तास लागतात. शाळेत प्रिंटर दोन आहेत, आणि तेही शाळेच्या वेळेतच चालवायची परवानगी आहे. बहुतेक गटांनी प्रिंटच्या फाइल शेवटच्या आठवड्यात दिल्या. सबमिशनच्या दिवशी सातपैकी दोनच गटांचं काम पूर्ण होतं.

त्या लिहितात: "उशिराच्या प्रत्येक दिवसाला १० टक्के गुण कापते, तरी काही फरक पडत नाही. 'मॅडम, अजून दोन दिवस' म्हणतात, दोन दिवस दिले की परत तेच. शेवटच्या आठवड्यात निम्मा वर्ग नुसता बसलेला दिसतो. वेळेवर दिलेल्या दोनपैकी एका गटात एकाच मुलीने सगळं ओढलं, बाकीचे तिघे बघत होते. मी कडक झाले तर मुलं हिरमुसतात, सैल सोडलं तर वेळेवर देणाऱ्यांवर अन्याय होतो. पुढच्या सत्रात मुदत वाढवू, की दंड वाढवू? बाहेरच्या जगात कोणी माफ करत नाही, हे यांना कधी कळणार?"

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही मुलांचाच राग आला. मी बरीच वर्षं शाळेची कार्यशाळा सांभाळली आहे, 'अजून दोन दिवस' हे शब्द मी किती वेळा ऐकले असतील त्याची गणती नाही. पण दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन घेऊन बसलो आणि तुमचेच आकडे मांडून पाहिले. ते आधी तुमच्यासमोर ठेवतो.

सात गट, प्रत्येकाचे तीन भाग, म्हणजे २१ भाग. एका भागाला चार तास लागतात आणि प्रिंटर शाळा सुटल्यावर बंद होतो, तेव्हा एका प्रिंटरवर दिवसाला एकच भाग निघणार. दोन प्रिंटरवर दिवसाला दोन, पाच दिवसांच्या आठवड्यात दहा. फाइल शेवटच्या आठवड्यात आल्या. २१ भाग हवेत आणि जागा दहा. रांगेचा कोणताही क्रम लावा, त्या आठवड्यात जास्तीत जास्त तीन गटांचे तिन्ही भाग हातात येतात. त्यातही एखाद्या भागाचा कोपरा प्रिंटरच्या बेडवरून, म्हणजे ज्या पाटावर भाग तयार होतो त्यावरून, उचलला गेला, एखाद्या प्रिंटचा मध्येच प्लास्टिकच्या दोऱ्यांचा गुंता झाला, की तीनाचे दोन होतात. तुमच्याकडे वेळेवर किती गट आले? दोन.

म्हणजे उरलेल्या पाच गटांतल्या प्रत्येक मुलाने त्या आठवड्यात रात्रंदिवस काम केलं असतं, तरी त्यांतल्या किमान चार गटांचा हात पूर्ण झाला नसता. नुसता बसलेला जो निम्मा वर्ग तुम्हाला दिसला, तो माझ्या मते प्रिंटरच्या रांगेत बसलेला होता. रांग कुणाला दिसत नाही, रिकामे हात तेवढे दिसतात.

फाइल आधी का दिल्या नाहीत, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याकडे येतोच. पण त्याआधी आणखी एक हिशोब. सहा आठवडे, २४ तास, प्रत्येकी ४५ मिनिटं: घड्याळाचे १८ तास झाले. त्यातून सामान काढायला आणि आवरायला मिळून दहा मिनिटं धरा. २४ वेळा दहा मिनिटं, म्हणजे चार तास गेले. हातात राहिले १४. 'सहा आठवडे' ऐकल्यावर मुलांना वाटतं की आपल्यापुढे महिना-दीड महिना पडलाय, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही तसंच वाटतं. १४ तास म्हटलं की वर्गाचा चेहरा बदलतो. पुढच्या सत्रात पहिल्याच दिवशी हा हिशोब फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या.

आता मुलांच्या आळसाबद्दल. 'अजून दोन दिवस' म्हणणारं मूल खोटं बोलत नसतं. त्याला मनापासून वाटतं की दोन दिवसांत होईल. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये माणसाच्या या खोडीवर बोट ठेवलं: आपण पुढच्या कामाचा अंदाज बांधतो तेव्हा मनात सगळं सुरळीत पार पडल्याचं चित्र असतं, आणि आधीच्या वेळी काय झालं होतं ते आठवतच नाही. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पूर्ण कराल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५ दिवस. स्वतःच कल्पिलेल्या सगळ्यात वाईट परिस्थितीपेक्षाही जास्त! ही तर पदवीच्या शेवटच्या टप्प्यावरची मुलं होती. तुमची पंधरा-सोळा वर्षांची आहेत आणि यांत्रिक हात आयुष्यात पहिल्यांदा बनवताहेत. त्यांच्या अंदाजाला आधार तरी कशाचा असणार?

म्हणून मुदत वाढवण्याच्या मी विरोधात आहे. सहाचे आठ आठवडे केलेत तर सुरुवातीचे पाच-सहा जरा आरामात जातील आणि फाइल पुन्हा शेवटच्या आठवड्यातच येतील. प्रिंटरच्या जागा तेव्हाही दहाच असणार. आणि दंड वाढवून काय होईल? दिवसाला दहा टक्के कापले, की पाचव्या दिवशी निम्मे गुण गेलेले असतात. त्यानंतर तो गट काम पूर्ण कशासाठी करेल? तुम्ही 'हिरमुसतात' म्हणता, ते इथेच होत असावं. शिवाय ज्यांचा भाग रांगेत अडकला, त्यांना रांगेचाच दंड बसतो.

'बाहेरच्या जगात कोणी माफ करत नाही' या वाक्यापाशीही थोडं थांबूया, कारण आपण शिक्षक ते फार सहज बोलून जातो. मंगळावर गेलेली क्युरिऑसिटी गाडी आधी २००९ मध्ये निघायची होती. तिची चाकं आणि हात हलवणाऱ्या मोटर-गिअरच्या जोड्या वेळेत तयार होईनात, चाचण्या मागे पडत गेल्या, आणि नासाने उड्डाण पुढे ढकललं. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी साधारण २६ महिन्यांनी येतात, त्यामुळे दोन-चार महिन्यांची सवलत घेऊन भागणार नव्हतं. गाडी नोव्हेंबर २०११ मध्ये निघाली, ऑगस्ट २०१२ मध्ये उतरली आणि आपलं काम चोख करू लागली. पुढे ढकलल्याचा खर्च मोठा होता आणि टीकाही झाली. पण तो निर्णय कधी घेतला गेला ते पाहा: डिसेंबर २००८ मध्ये, उड्डाणाच्या कित्येक महिने आधी. कुठे काय अडलंय हे तोवर उघड झालेलं होतं, कारण मधल्या टप्प्यांवर तपासणी होत होती. बाहेरच्या जगातही मुदती चुकतात, मॅडम. फक्त त्या चुकणार आहेत हे आधी कळावं अशी व्यवस्था केलेली असते. तुमच्या वर्गात ते सबमिशनच्या दिवशी कळलं.

माझ्या मते तुमची खरी अडचण ही आहे. मुदत एकच आहे आणि ती अगदी शेवटी आहे.

माझ्याच कार्यशाळेतली एक गोष्ट सांगतो. असाच हात, असाच चौघांचा गट. चित्रं सुरेख, प्रिंट सुबक, जोडणी नीटनेटकी. सहाव्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा मोटरला वीज दिली. हात बोटभर वर गेला, थरथरला आणि खाली बसला. पुन्हा तेच. मोटर घुंघुं करत होती, हात लावला तर गरम लागत होती. चौघांनी आधी प्रोग्रॅमला दोष दिला, मग तारांना, मग बॅटरीला. तीन तास त्यातच गेले. शेवटी मी मोटरचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. शाळांमध्ये सर्रास वापरतात ती नऊ ग्रॅमची निळी सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी) होती. तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचं बळ, १.८ किलो-सेंटीमीटर. म्हणजे अक्षापासून एक सेंटीमीटरवर ती फार तर १.८ किलो पेलते, आणि २० सेंटीमीटरवर त्याचा विसावा भाग: ९० ग्रॅम. तोही मोटर जिथे अडकून पडते तो आकडा, रोजच्या वापराला त्याच्या निम्म्यावर जाऊ नये. यांचा हात २० सेंटीमीटरचा. टोकाला पकड आणि तिची मोटर मिळून ५० ग्रॅम, ठोकळा ५० ग्रॅमचा, वर हाताचं स्वतःचं वजन. जे उचलणं शक्यच नव्हतं, ते उचलायला ती मोटर धडपडत होती.

हा गुणाकार-भागाकार पाच मिनिटांचा आहे. पहिल्या आठवड्यात करून घेतला असता तर चौघांनी हात आखूड केला असता, नाहीतर खांद्याला मोठी मोटर मागितली असती. ती चूक मुलांची नव्हती, माझी होती. मी त्यांच्याकडे पहिल्या आठवड्याच्या शेवटी चित्रं मागितली होती, हिशोब मागितला नव्हता. शेवटी त्यांनी तो सुबक हात हॅकसॉने मधोमध कापला आणि ठोकळा हलका घेतला. दिसायला ओबडधोबड, पण उचलत होता. कापताना त्यांच्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढच्या वर्षापासून मी टप्पे बदलले.

तुमच्या सहा आठवड्यांसाठी ते असे लावता येतील. पहिला आठवडा संपताना एका कागदावर मोटरचा हिशोब, आणि त्यावर चौघांच्या सह्या. दुसरा संपताना पुठ्ठ्याचा हात, खऱ्या मोटरवर हलणारा. दिसायला कसाही असो: ग्लू गनने चिकटवलेला, वाकडा, दोरा बांधलेला, चालेल. त्याने काहीतरी उचललं पाहिजे, अगदी खोडरबर सुद्धा. या टप्प्यावर मात्र हट्ट धरा, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे. पुठ्ठ्याच्या हाताची मापं अनुभवातून आलेली असतात, आणि मापं ठरली की फाइल काढायला मूल घाबरत नाही. फाइल उशिरा का येतात, याचं उत्तर मला बहुतेक वेळा इथे सापडलं आहे. मुलांना फाइल 'फायनल' करायची भीती वाटते. स्क्रीनवर अजून थोडं सुधारता येतं, प्रिंट निघाली की चूक सगळ्यांसमोर येते. पुठ्ठ्यावरची चूक कात्रीने मिटते, म्हणून तिथे त्यांना मनसोक्त चुकू द्या.

मग तिसरा, चौथा आणि पाचवा आठवडा प्रिंटरचे. १५ दिवस, दोन प्रिंटर, ३० जागा. सात गटांना प्रत्येकी चार जागा दिल्या की २८ झाल्या: तीन भागांच्या तीन, आणि एक बिघडलेल्या प्रिंटसाठी. उरलेल्या दोन तुमच्या हातात ठेवा. फळ्याच्या कडेला तक्ता लावा, त्यावर प्रत्येक दिवसाखाली गटाच्या नावाची चिठ्ठी. आपल्या दिवशी सकाळी फाइल तयार नसेल तर ती जागा दुसऱ्या तयार गटाला मिळते. त्यावर वाद नको, रागावणं नको, नुसती चिठ्ठी हलवायची. एका गटाचे तिन्ही भाग एकदम लावू नका. पहिला भाग निघाला, हातात घेऊन बसवून पाहिला, मगच दुसरा. आणि चार तासांचा भाग लावण्याआधी भोकांचा छोटा तुकडा काढून बघायला सांगा. चित्रात तीन मिलिमीटरचं भोक प्रिंटमध्ये बहुधा किंचित लहान निघतं, आणि स्क्रू आत जाईना म्हणून चार तासांचा भाग फुकट गेलेला मी अनेकदा पाहिला आहे. दिवसाची मोठी प्रिंट संपल्यावर उरलेल्या वेळात असा तुकडा सहज निघतो.

पाचवा आठवडा संपताना जोडलेल्या हाताने ठोकळा एकदा उचललेला असावा. सहाव्या आठवड्यात नवा भाग नाही, फक्त दुरुस्ती, चाचणी आणि लेखन. हा आठवडा मोकळा वाटेल आणि तो आणखी कशाने तरी भरून टाकायचा मोह होईल. कृपा करून भरू नका.

रंगीत गँट तक्ते (कोणतं काम कधी सुरू होऊन कधी संपेल हे पट्ट्यांनी दाखवणारे) पहिल्या आठवड्यात करून घेण्याचा आग्रह मी सोडून दिला. मुलं ते फार मन लावून रंगवतात आणि नंतर वहीतून काढतही नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत गटाने दोन ओळी लिहाव्यात: आज किती वेळ लागेल वाटलं होतं, आणि किती लागला. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांना स्वतःचाच पाढा पाठ होतो, 'आपण अर्धा तास म्हणतो तेव्हा एक तास धरायचा'. त्या वह्या जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांकडे अंदाज बांधायला निदान एक खरा आधार असेल.

आता 'अजून दोन दिवस'. पुढच्या वेळी हो किंवा नाही म्हणण्याऐवजी विचारा: "तारीख तीच आहे. काय वगळाल?" यासाठी सुरुवातीलाच काम तीन थरांत मांडून ठेवावं लागतं. पहिला थर, हाताने ठोकळा उचलून ठेवला पाहिजे. दुसरा, तो सलग पाच वेळा जमला पाहिजे. तिसरा, मुलांना जे सुचेल ते: आवाजावर चालणारा, रंग ओळखणारा, काहीही. अडचण आली की तिसरा थर सुटतो, मग दुसरा. पहिल्याला हात लावायचा नाही. मागच्या वर्षीच्या माझ्या एका गटाने रंग ओळखणारा सेन्सर चौथ्या आठवड्यात स्वतःहून काढून ठेवला आणि त्याची कारणं वहीत लिहिली. त्या पानाला मी पूर्ण गुण दिले. ते अभियांत्रिकीच होतं.

गुणांची विभागणीही यानुसार करता येईल. शंभरातले वीस गुण चार टप्प्यांना (हिशोब, पुठ्ठा, पहिला प्रिंट भाग, जोडलेला हात), प्रत्येकी पाच, त्याच दिवशी, झालं किंवा नाही. टप्पा चुकला तर ते पाच गेले, पुढच्यांना धक्का नाही. शेवटच्या दिवशी सबमिशन न ठेवता प्रात्यक्षिक ठेवा. प्रत्येक गट आपला हात ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत सगळ्यांसमोर ठेवतो, चालत नसेल तर कुठे अडलंय ते सांगतो. त्यानंतर कुणालाही दोन दिवस नाहीत, म्हणून वेळेवर आलेल्यांवर अन्यायही नाही. कुणी आजारी पडलं, घरी काही घडलं, तर मधल्या टप्प्यांसाठी प्रत्येक गटाला दोन दिवसांची एक सवलत चिठ्ठी देऊन ठेवा. ती वापरताना कारण विचारू नका. काही मुलांना खरं कारण सांगायचं नसतं, आणि ते त्यांच्याकडून काढून घेणं आपलं काम नाही.

हे सगळं एका सत्रात बसवणं जड वाटलं तर दोनच गोष्टी उचला: पुठ्ठ्याचा हात आणि प्रिंटरचा तक्ता. विषय वेगळा असेल, पूल असो की पवनचक्की, तरी अडण्याची जागा एक असतेच. कुणाकडे ती लेझर कटर असते, कुणाकडे ड्रिल मशीन, कुणाकडे प्रत्येक फाइल तपासून देणाऱ्या शिक्षिका स्वतःच. ती शोधा आणि तिच्या जागा आधी मोजा.

राहिली ती एकटीने सगळं ओढणारी मुलगी. तिच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण मला ती पत्रभर दिसत राहिली. मॅक्स रिंगलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांचं बळ मोजलं होतं, ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसं वाढली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. काही अंशी ताळमेळ जमत नाही म्हणून, आणि नंतरच्या प्रयोगांत दिसलं तसं, काही अंशी आपण नाही ओढलं तरी चालतं म्हणून. गटात प्रत्येक भागावर एकाचंच नाव लिहा: पकड कुणाची, खांदा कुणाचा, प्रोग्रॅम कुणाचा, चाचण्यांची नोंद कुणाची. टप्प्याच्या दिवशी दुसऱ्याच्या भागाबद्दल प्रत्येकाला एक प्रश्न विचारा. खांद्याची मोटर कुठली आणि का, हे पकड करणाऱ्यालाही सांगता आलं पाहिजे.

पण ते पुढच्या सत्राचं झालं. त्या मुलीचा गट वेळेवर आला म्हणून कदाचित तिला कुणी काही विचारलंच नसेल. पुढच्या तासाला तिला बाजूला घेऊन विचारा की तिने हे एकटीने का केलं: तिघे करत नव्हते म्हणून, की त्यांच्या हातून बिघडेल असं तिला वाटलं म्हणून? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. आणि उशीर झालेल्या पाच गटांना, गुणांचा विषय न काढता, एवढंच विचारा: "आपलं वेळेत होणार नाही, हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?" जो आठवडा ते सांगतील, त्याच्या आधीच्या आठवड्यात तुमचा पहिला मोठा टप्पा ठेवा.